घरच्या घरी एस्प्रेसो आणि त्यातून होणाऱ्या सगळ्या कॉफ्या, गोव्याच्या दमट हवेत

कापुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाईट, कोर्तादो, अमेरिकानो, मोका... कॅफेचा मेन्यू बघितला की वाटतं प्रत्येकाची वेगळी रेसिपी असणार, पण तसं काही नाही हो, सगळ्यांच्या तळाशी तोच एक एस्प्रेसोचा शॉट (कडक कॉफीचा छोटा घोट) असतो, वर दूध किती, फेस किती, पाणी किती एवढाच काय तो फरक. म्हणून घरी करायचं ठरवलंत तर आधी पंधरा रेसिप्या पाठ करत बसू नका. शॉट नीट काढायला शिका, दूध नीट तापवायला शिका, बाकीच्या कॉफ्या मग आपोआप जमतात. मी पण खाली जास्त वेळ त्या दोन गोष्टींवरच घालवणार आहे. आणि तिसरी गोष्ट आहे आपली हवा, तिचं कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण ते व्हिडिओवाले कोरड्या गावात राहतात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीत पाणी सुटतं तिथे कॉफीचं काय होत असेल विचार करा.

मशीन घ्यायचं की मोका पॉट

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून साधारण ९ बार प्रेशरनं ९० ते ९६ डिग्रीचं पाणी ढकलायचं, २५-३० सेकंदांत. एवढं प्रेशर लागतं म्हणून वर तो सोनेरी तपकिरी क्रेमाचा थर येतो. बॉक्सवर १५ बार, २० बार लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, तो पंपाचा जास्तीत जास्त आकडा असतो, कॉफीवर ९ च्या आसपास पडलं की पुरे, जास्त आकडा म्हणजे जास्त चांगली कॉफी असं अजिबात नाही.

मोका पॉट म्हणजे ते आठ बाजूंचं अॅल्युमिनियमचं इटालियन भांडं, १९३३ मध्ये अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून आलेलं, त्यात वाफेचं प्रेशर एक-दोन बारच्या पुढे जात नाही. त्यामुळे नेमकं बोलायचं तर ती एस्प्रेसो नाही, क्रेमा पण तसा येत नाही. पण कॉफी दाट आणि कडक येते आणि दुधात घातल्यावर तिची चव हरवत नाही, म्हणून लाटे, कापुचिनो, आइस्ड कॉफी, सगळं तिच्यावर होतं. मला विचाराल तर पहिले काही महिने मोका पॉट आणि एक चांगला हातानं फिरवायचा बर ग्राइंडर (दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या दळणारा) घ्या, आणि आवड टिकली तर मग मशीन. पैसे कमी असतील तर मशीन स्वस्तातलं घ्या पण ग्राइंडर स्वस्तातला घेऊ नका, कारण घरच्या मिक्सरच्या पात्यानं कॉफी दळली जात नाही, फुटते, काही पीठ होतं काही खडे राहतात, पीठ कडू उतरतं आणि खडे आंबट, दोन्ही एकाच कपात.

आणखी एक कारण आहे मोकाच्या बाजूनं बोलायचं. पावसात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहेच, विशेषतः सत्तरी-सांगे-काणकोणच्या बाजूला, आणि एस्प्रेसो मशीन हजार-पंधराशे वॅट खेचतं, ते घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर लावायचं नाही. मोका गॅसवर चालतो. मशीन घेतलंत तर मोठ्या सॉकेटला लावा आणि गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा.

मोका पॉटची पद्धत, एकदाच नीट

तीन कपवाला पॉट घ्या, त्यात साधारण १५ ते १७ ग्रॅम कॉफी बसते. खालच्या भांड्यात आधीच उकळलेलं पाणी घाला, व्हॉल्व्हच्या खालपर्यंत, वर नाही. थंड पाणी घातलंत तर ते तापेपर्यंत वरची कॉफी धातूबरोबर उगाच तापत बसते आणि करपट लागते. चाळणीत कॉफी सपाट भरा, बारीक रव्यापेक्षा जरा बारीक दळलेली, दाबू नका, मशीनसारखं दाबून बसवणं (टॅम्प) मोकाला चालत नाही. कडेला सांडलेली पूड बोटानं पुसून टाका, नाहीतर रबर नीट बसत नाही आणि बाजूनं वाफ जाते. खालचं भांडं गरम असतं म्हणून फडक्यानं धरून घट्ट फिरवा, सगळ्यात लहान बर्नरवर मंद आच, झाकण उघडं. आपल्या गॅसच्या मोठ्या स्टँडवर छोटा पॉट उभा राहत नाही, त्याला बाजारात छोटी लोखंडी जाळी मिळते ती घ्या. इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा पॉट चालणारच नाही, स्टीलचा बघा.

कॉफी हळूहळू वर येते, आधी गडद, मग फिकट होत जाते आणि शेवटी खुर्रखुर्र करत थुंकायला लागते. त्या आवाजाची वाट बघायची नाही. रंग मधाळ पिवळट व्हायला लागला की गॅस बंद, पॉट उचला आणि तळ नळाखाली धरा म्हणजे उकळणं तिथल्या तिथे थांबतं. शेवटची ती फिकट धार कपात गेली नाही की अर्धा कडूपणा गेलाच समजा.

कॉफी कुठली आणि ठेवायची कशी

आपलं नशीब बघा, देशातली सगळ्यात जास्त कॉफी शेजारच्या कर्नाटकात होते, चिकमगळूर आणि कोडगू, घाट चढून पलीकडे. तिथल्या अरेबिका बिया भाजून विकणारे आता बरेच आहेत आणि ऑनलाईन मागवल्या तर ताज्या मिळतात. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, एक्सपायरी नाही, भाजल्याची. तारीख नसेल तर घेऊ नका. भाजल्यावर बियांमधून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो म्हणून कालच भाजलेली कॉफी मशीनमध्ये घातली तर नुसता फेस उडतो आणि शॉट वेडावाकडा येतो, एक ते दोन आठवडे थांबा, मग पुढचे तीन-चार आठवडे ती मस्त चालते. दुधाच्या कॉफ्यांना मीडियम-डार्क रोस्ट घ्या, नुसता शॉट किंवा टॉनिक वॉटरबरोबर घेणार असाल तर मीडियम.

रोबस्टा म्हणजे कॉफीची दुसरी, कडक जात, तिला नाक मुरडू नका. थोडी चांगली रोबस्टा मिसळलेली असेल तर क्रेमा जाड येतो आणि दुधातून चव वर येते, इटलीतले कितीतरी ब्लेंड असेच असतात. चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पूड मात्र मशीनमध्ये घालू नका, ती पाणी ओढून चिकट होते आणि शॉट अडकतो. ती दाक्षिणात्य फिल्टरमध्येच छान.

मॉन्सून्ड मलबार नाव ऐकलं असेल. जुन्या काळी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून कॉफी युरोपात जायची, महिनोन्महिने समुद्राची ओली हवा लागून बिया फुगायच्या, पिवळट पडायच्या, आंबटपणा निघून जायचा, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. पुढे प्रवास लवकर व्हायला लागला तशी ती चव गेली, म्हणून मग मंगळूरच्या बाजूला गोदामं उघडी ठेवून मुद्दाम पावसाळी वारा कच्च्या बियांना द्यायला लागले, अजून देतात. आंबट कॉफी नको असणाऱ्यांनी ही जरूर घ्यावी, दुधात फार गोड उतरते.

पण एक लक्षात ठेवा, तो ओलावा कच्च्या बियांना चालतो. भाजलेल्या बियांना आपला पाऊस मारून टाकतो. भाजलेली बी कोरडी ठणठणीत असते आणि हवेतलं पाणी ओढून घेते, जुलैत दमटपणा ८०-९० टक्क्यांच्या घरात असतो, पाकीट उघडं राहिलं की चार दिवसांत वास बसतो. म्हणून पावसात अर्धा किलो मागवू नका, पाव-पाव किलो मागवा. आल्याबरोबर छोट्या हवाबंद बाटल्यांत वाटून ठेवा, एक बाटली वापरात, बाकीच्या बंद. दळायचं ते लागेल तेवढंच, त्याच क्षणी.

फ्रिजमध्ये ठेवू का, सगळे विचारतात. नको. आपल्या फ्रिजमध्ये बांगडे असतात, सुंगटं असतात, सोलकढी असते, कॉफी सगळे वास धरते. फ्रीझरमध्ये चालते, पण एकदम घट्ट बंद छोट्या पाकिटांत, आणि बाहेर काढल्यावर पाकीट पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचं नाही, कारण थंड बियांवर आपली हवा लागली की लगेच दव धरतं. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे कारण चांगल्या कॉफ्या अशाच फुकट जातात.

पाण्याचं पण बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारट चव येते, तसलं पाणी मशीनमध्ये अजिबात नको. नळाचं पाणी साध्या फिल्टरमधून काढलेलं ठीक. आर.ओ.चं फारच मऊ पाणी असेल तर कॉफी सपाट लागते, त्यात थोडं साधं फिल्टर केलेलं पाणी मिसळून बघा.

शॉट

एक छोटा वजनकाटा लागतो, ०.१ ग्रॅम दाखवणारा, महाग नसतो. अंदाजपंचे करायचं असेल तर एक दिवस छान होईल आणि दुसऱ्या दिवशी का बिघडलं ते कळणारच नाही.

सुरुवातीचं माप हे धरा: १८ ग्रॅम कॉफी आत, ३६ ग्रॅम कॉफी कपात, २५ ते ३० सेकंद. म्हणजे एकास दोन. मशीन चालू करून लगेच शॉट काढू नका, छोटं असेल तर पाच मिनिटं आणि जड बॉयलरवालं असेल तर पंधरा-वीस मिनिटं तापू दे, पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचा दांड्याचा चमचा) त्यातच अडकवून, मग एकदा नुसतं पाणी सोडा म्हणजे सगळं गरम होतं आणि कप पण धुतल्यासारखा तापतो. दळलेली कॉफी बास्केटमध्ये (पोर्टाफिल्टरच्या आतल्या चाळणीत) घातली की पावसात तिच्या गुठळ्या होतात, त्या तशाच दाबल्या तर पाणी गुठळ्यांच्या मधून वाट काढून पळतं आणि शॉट एकाच वेळी आंबट पण आणि कडू पण येतो. त्यासाठी बुचात तीन-चार बारीक सुया टोचून घ्या आणि त्यानं तळापासून कॉफी हलकी ढवळा, गुठळ्या मोडेपर्यंत. मग टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा) सरळ धरून दाबा. किती जोरात हे फार महत्त्वाचं नाही, पातळी सरळ हवी, तिरकं दाबलं की पाणी पातळ बाजूनं जातं.

काट्यावर कप ठेवा, बटण दाबा, घड्याळ लावा. पहिले काही सेकंद काही येत नाही, मग गडद थेंब, मग एक बारीक सलग धार, हळूहळू सोनेरी होत जाणारी. ३६ ग्रॅम झाले की बंद. (दोन-तीन ग्रॅम नंतर पण पडतात, म्हणून ३३-३४ लाच बंद करायची सवय लावा.)

आता चव घ्या, साखर न घालता, एक घोट तरी. तोंड आंबवणारी, पातळ, झटकन संपणारी लागली आणि १५ सेकंदांत आली म्हणजे दळण जाड आहे, बारीक करा. घशाशी कोरडी, जळकी कडू लागली आणि ४० सेकंद घेतले म्हणजे फार बारीक आहे, जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वजन तेच ठेवून फक्त ग्राइंडर एक-दोन टिचक्या हलवायचा. आणि इथेच आपल्या हवेचा प्रश्न येतो, काल जमलेली सेटिंग आज पाऊस लागल्यावर जमेलच असं नाही, म्हणून पावसाळ्यात रोज सकाळचा पहिला शॉट घड्याळ बघून काढा आणि वेळ सरकली की ग्राइंडर पण सरकवा. पंखा चालू ठेवून पूड उघडी ठेवून फोन घ्यायला गेलात तर तेवढ्यात पण फरक पडतो.

स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची बास्केट येते, तळाला एकच बारीक भोक असलेली. ती स्वतःच प्रेशर तयार करते, दळण कसंही असलं तरी फेस येतो, म्हणून बाहेरून दळून आणलेल्या कॉफीला तीच बरी. पण तो फेस म्हणजे क्रेमा नाही आणि त्यातून तुम्हाला दळणाचं काही कळत पण नाही. ग्राइंडर असेल तर साधी एकेरी बास्केट वेगळी मागवा, मशीनच्या मापाची, चवीत लगेच समजेल.

शॉट अलीकडे थांबवला, १८ ला २०-२५ ग्रॅम, की रिस्त्रेतो, दाट आणि गोडसर. लांबवला की लुंगो. एवढंच.

दूध

गोवा डेअरीचं असो की दुसरं कुठलं, पाकिटातलं दूध पाश्चराइज्ड असतं, थेट फ्रिजमधून थंडगार वापरा. आधी उकळलेलं दूध असेल तर गाळून घ्या, सायीचा एक तुकडा पण फेस बिघडवतो. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असतं, फुल क्रीममध्ये ६ टक्के. फेस प्रोटीनमुळे उभा राहतो, फॅटमुळे तोंडात गुळगुळीतपणा येतो, शिकताना टोन्ड घ्या कारण फेस पटकन धरतं, हात बसला की फुल क्रीम, लाटेला त्याची मजाच वेगळी.

मशीनला स्टीम वाँड (वाफ सोडायची नळी) असेल त्यांनी आधी वाफ एकदा ओल्या फडक्यात सोडून आतलं पाणी काढायचं. जगमध्ये दूध चोचीच्या खालपर्यंत, निम्म्याहून कमीच. वाँडचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली, मधोमध नाही, जरा बाजूला, आणि वाफ पूर्ण सोडा. च्स्स च्स्स असा थांबून थांबून बारीक आवाज यायला पाहिजे, तेव्हा हवा आत जाते. किंचाळल्यासारखा आवाज आला म्हणजे टोक फार खोल आहे, बुडबुडे उडायला लागले म्हणजे फार वर आहे. जग हाताला कोमट लागेपर्यंतच हवा घ्यायची, लाटेला थोडी, कापुचिनोला जास्त. त्यानंतर टोक जरा खाली बुडवा आणि जग असा तिरका धरा की दूध आत गोल फिरत राहील, तो भोवरा मोठे बुडबुडे मोडून टाकतो. तळहात जगला लावून ठेवा, धरवेनासं झालं की बंद, ते साधारण ६० डिग्री. ७० च्या पुढे गेलं की दुधाची गोडी जाते आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो, आणि आपल्याकडे नेमकी तीच सवय असते, घरची मोठी माणसं म्हणतात कॉफी गरम नाही. त्यांच्यासाठी कप उकळत्या पाण्यानं तापवून घ्या, दूध ६५ पर्यंत न्या, त्याच्या वर नको.

जग ओट्यावर एकदा आपटा, गोल फिरवा, दूध चकचकीत दिसलं पाहिजे, एक बुडबुडा दिसता कामा नये. आणि लगेच ओता, दोन मिनिटं ठेवलं की फेस वर, दूध खाली.

स्टीम नसेल तर फ्रेंच प्रेस (जाळीचा दट्ट्या असलेलं कॉफीचं भांडं) घ्या. दूध पातेल्यात तळाला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, प्रेसमध्ये एक तृतीयांश भरा, दांडा वीसेक वेळा भराभर वरखाली करा, मिनिटभर ठेवून आपटा. बॅटरीच्या छोट्या फ्रॉदरपेक्षा मला हे कितीतरी चांगलं वाटतं, फेस बारीक येतो. आणि चवथीला घरात माणसं भरली की हेच कामाला येतं, मोठा सहा कपांचा मोका एका शेगडीवर, लिटरभर दूध दुसऱ्या शेगडीवर, प्रेसमध्ये थोडं थोडं घेऊन फेस केला की आरती संपेपर्यंत सगळ्यांचे कप तयार. एकेक शॉट काढत मशीनसमोर उभं राहिलात तर तुमचा चवथीचा दिवस तिथेच जाईल.

गरम कॉफ्या

आता हे भराभर. डबल शॉट ३६ ग्रॅमचा धरलाय, मोकावाल्यांनी ४०-५० मिली मोका कॉफी धरा.

माकियातो म्हणजे शॉटवर एक चमचा फेस, बस. कोर्तादो स्पेनकडची, शॉट जेवढा जवळपास तेवढंच गरम दूध, फेस जवळजवळ नाही, छोट्या काचेच्या ग्लासात, आणि खरं सांगायचं तर कॉफीची चव आवडणाऱ्या पण काळी न झेपणाऱ्या माणसाला मी पहिली हीच देते. फ्लॅट व्हाईट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघे आपली म्हणतात, डबल शॉट आणि १०० ते १२० मिली दूध, फेसाचा अगदी पातळ थर. कापुचिनो १५० ते १८० मिलीच्या कपात, वर एक-दीड सेंटिमीटर जाड फेस, चॉकलेट पावडर भुरभुरलीत तर शॉटवर आधी भुरभुरा आणि मग दूध ओता, म्हणजे नाकात उडत नाही. लाटे मोठ्या कपात, २०० मिलीपेक्षा जास्त दूध, फेस बोटाएवढा पण नाही. पोर्तुगालात उंच ग्लासात एक भाग कॉफी आणि तीन भाग दूध घेतात, गालांव म्हणतात त्याला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तीच सगळ्यात आवडते, बरोबर कालचा पोई (गोव्याचा पाव) तव्यावर गरम करून लोणी लावून द्या.

मोका नावाची कॉफी (पॉट नाही) करायची तर कपात दोन चमचे कोको आणि साखर घाला, त्यावर गरम शॉट ओतून गुठळी मोडेपर्यंत ढवळा, मग दूध. थंड दुधात कोको घातलात तर तरंगत राहतो.

अमेरिकानो म्हणजे शॉटवर १०० ते १५० मिली गरम पाणी. लाँग ब्लॅकमध्ये उलटं, आधी पाणी आणि वरून शॉट, म्हणजे क्रेमा शाबूत राहतो. मला दुसरी पद्धत जास्त पटते, आणि पाणी उकळतं नको, ८५ च्या आसपास.

दुपारी जेवून झोपायची सवय असेल तर बाराच्या आत उरकून घ्या, डबल शॉटमध्ये १०० मिलिग्रॅमच्या वरच कॅफीन जातं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं, गरोदर असाल तर सगळं मिळून २००, चहातलं पण त्यातच धरायचं.

थंड कॉफ्या, एप्रिल-मेसाठी

इथे मात्र जरा थांबू, कारण आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने गरम कप हातात धरवत नाही.

आइस्ड लाटेला ग्लास बर्फानं काठोकाठ भरा, १२०-१५० मिली थंड दूध, वरून शॉट. बर्फ कमी घातला तर तो लवकर वितळतो आणि कॉफी पांचट होते, जास्त बर्फ म्हणजे कमी पाणी, उलटं वाटतं पण तसंच आहे. साखर शॉटमध्येच विरघळवून घ्या, थंड दुधात ती तळाला बसते.

शेकेरातो: गरम डबल शॉट, दोन चमचे साखर, मूठभर बर्फ, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून पंधरा सेकंद जोरात हलवा आणि गाळून ओता, वर दाट फेस येतो, दूध नसताना. झाकण धरून ठेवा, आत गरम कॉफी असते.

एस्प्रेसो टॉनिकला उंच ग्लास घ्या, बर्फ, १५० मिली टॉनिक वॉटर, आणि शॉट चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू. घाईनं ओतला की फेस उसळून ओट्यावर. इथे डार्क रोस्ट नको, टॉनिकचा क्विनाइन आधीच कडू असतो. संत्र्याची साल पिळून वर टाका.

शहाळ्याच्या पाण्यावर शॉट ही माझी सगळ्यात आवडती. शहाळं आधी दोन तास फ्रिजमध्ये, पाणी गोड असलं पाहिजे, जून नारळाचं नको, १५० मिली पाणी, बर्फ, वरून शॉट, साखर काही नाही. मलई असेल तर खरवडून त्यातच टाका. कोकम सरबतावर शॉट ओतणारे पण आहेत, मला ते पटत नाही, आंबटावर आंबट होतं आणि दोन्हीची चव जाते.

माझाग्रान पोर्तुगालात लिंबू घालून करतात. गरम शॉटमध्ये दोन चमचे साखर विरघळवा, अर्ध्या लिंबाचा रस, ग्लासभर बर्फ, थोडं थंड पाणी, पुदिन्याची दोन पानं. आंबट वाटेल म्हणून घाबरू नका, भर दुपारी हापिसातून आलेल्या माणसाला द्या आणि बघा.

आणि आता नारळाचा रस आणि माडाचा गूळ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो काळा, पिरामिडसारखा गूळ मिळतो तोच, उसाचा नाही, त्याला धुराची आणि किंचित खारट चव असते आणि कॉफीशी ती फार जुळते. १०० ग्रॅम गूळ १०० मिली पाण्यात गरम करून विरघळवा आणि गाळून घ्या, खाली बारीक कचरा राहतोच. थंड झाला की बाटलीत भरून फ्रिजमध्ये, आठवडाभर राहतो. नारळाचा पहिला दाट रस आणि दुसरा पातळ रस निम्मे-निम्मे मिसळून पातळ फडक्यातून गाळा, १२० मिली घ्या. ग्लासात तीन चमचे गुळाचं पाणी, शॉट, ढवळा, बर्फ, मग नारळाचा रस, मिठाची चिमूट, वर जायफळ किसून. रस त्याच दिवशी संपवायचा, मेमध्ये संध्याकाळपर्यंत आंबतो. गरम करायची हौस असेल तर रस फक्त कोमट करा, उकळलात की फुटतो. तसंच गूळ कडकडीत गरम दुधात टाकू नका, दूध फाटण्याची भीती असते, तो आधी शॉटमध्ये आणि मग वरून दूध.

आफोगातो तर कुणालाही जमेल, व्हॅनिला आइसक्रीमचा गोळा वाटीत, वर गरम शॉट, वर काजूचे भाजलेले तुकडे. बेबिंकाची पातळ कापटी बाजूला ठेवली तर पाहुणे दुसऱ्यांदा मागतात.

झाल्यावर साफसफाई

स्टीम वाँड दूध झाल्याच्या क्षणी ओल्या फडक्यानं पुसा आणि एकदा वाफ सोडा. पाच मिनिटांनी पुसतो म्हटलं की दूध आत सुकतं, आणि आपल्या उकाड्यात त्याला वास यायला वेळ लागत नाही. पोर्टाफिल्टरमधला चोथा लगेच काढा (झाडांना घालायचा असेल तर पातळ पसरून मातीत मिसळा, ढीग ठेवलात की त्यावर बुरशी येते), शॉवर स्क्रीन (कॉफीवर पाणी सोडणारी मशीनची जाळी) ब्रशनं घासा, पाण्याची टाकी रात्री रिकामी करून उलटी ठेवा. क्षार साठले की दोन-तीन महिन्यांतून एकदा डीस्केलिंग पावडर, कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं.

मोका पॉट साबणानं रगडू नका, गरम पाणी आणि हात पुरे, डिशवॉशरमध्ये तर अॅल्युमिनियम काळं पडतं. आणि पावसात मुख्य गोष्ट ही की पॉट ओला असताना फिरवून बंद करून कपाटात ठेवायचा नाही. तिन्ही भाग वेगळे करा, रबर काढून पुसा, फडक्यावर उपडे घालून रात्रभर वाळू दे, नाहीतर आत पांढरी पूड धरते आणि रबराखाली बुरशी. ग्राइंडरमधली कालची पूड ब्रशनं झटकून टाका, पहिली दोन ग्रॅम कॉफी दळून फेकून द्या, मग आजचं दळण सुरू करा.